चहाचं दूध

चैत्र लागला आणि कडूबाईनं ताकाचा डेरा धुऊन कोपऱ्यात पालथा घातला. घुसळायला काही उरलंच नव्हतं. मोरी म्हशीचं सकाळचं दूध तिचा लेक बंकट धारूरच्या पेठेत सुंदररावाच्या हाटेलात नेऊन घालायचा, आणि संध्याकाळचंही तिथंच. घरात विरजणापुरतंसुद्धा राहत नव्हतं.

बंकटची बायको मनकर्णा शेण भरता भरता सासूकडं बघत होती. कडूबाईनं रवी दोरीसकट आढ्याला टांगली, हात पदराला पुसले आणि ती उंबऱ्यात येऊन बसली. तेवढ्यात शेजारची केशरबाई तांब्या घेऊन आली. किल्ल्यामागच्या उतारावरच्या त्या वस्तीत या दिवसांत दुभतं जनावर एवढ्या एकाच घरी होतं, आणि दर उन्हाळ्यात मोरीचं ताक सगळ्या वस्तीच्या भाकरीला पुरायचं. ताकाला कुणी मोल विचारत नसे आणि कुणी नाही म्हणत नसे.

"कडूबाई, वाईच ताक घाल की."

"न्हाई गं बाई."

"उद्या येऊ?"

"उद्या बी न्हाई. घुसळन मोडली आमची."

केशरबाईनं तांब्या पदराखाली घेतला. मग उगाच उन्हाचं काढलं, शेरडाच्या खुराचं काढलं आणि थोड्या वेळानं उठून गेली. ती गेल्यावर कडूबाई कुणाकडंच न बघता म्हणाली, "आजवर ह्या दारातनं कुनी रिकामं गेलं नवतं."

हे सगळं मोटार सुरू झाल्यापासून. बीडकडून मोटार यायला लागली तसं तिच्या थांब्यापाशी सुंदररावानं पत्र्याचं छप्पर घातलं, बाकं टाकली आणि भट्टी पेटवली. त्याआधी चहा म्हणजे कचेरीतल्या लोकांची चीज. वस्तीवरच्या माणसानं तो ऐकलेला, प्यालेला नाही. मग बाजाराच्या दिवशी चहाच्या कंपनीचा एक माणूस छकडा घेऊन येऊ लागला. छकड्यावर पितळेचं मोठं भांडं आणि भोंग्याचा बाजा. बाजा ऐकायला माणसं जमली की तो एकेकाच्या हातात कप द्यायचा. फुकट. बंकटचा बाप तात्याबा आधी बाजा ऐकायला गेला, मग कपासाठी जाऊ लागला. पुढं तो माणूस छकडा घेऊन दुसऱ्या बाजाराला निघून गेला आणि तात्याबाची डोकेदुखी मागं राहिली. दिवस कलला की म्हातारा कपाळाला फडकं आवळून बसायचा. घोटभर चहा पोटात गेला की फडकं सोडायचा.

बंकटचं वेगळंच होतं. त्याला चहापेक्षा बाक गोड लागलं. सकाळी दूध मापून झालं की सुंदरराव त्याला बसवून घ्यायचा. एका अंगाला मोटारीचा डायवर, दुसऱ्या अंगाला पटवाऱ्याचा माणूस, मधे बंकट. "बंकटराव, घ्या," म्हणून कप पुढं यायचा. जन्मात त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. घरी आला की तो ते सांगायचा नाही, पण मुंडासं जरा ताठ बांधायला लागला होता.

मनकर्णेची पोर तारा दीड वर्षाची. मनकर्णेच्या अंगावरचं दूध थंडीतच आटलं होतं. तेव्हापासून पोरीला मोरीच्या दुधात भाकरी कुस्करून मिळायची. आता दुधाऐवजी गुळाचा काळा चहा. कडूबाई चुलीवर पाणी उकळायची, त्यात भुकटी आणि गुळाचा खडा टाकायची. आधी तात्याबाला, मग उरलेल्यात भाकरीचा काला करून नातीला.

"आत्याबाई, लेकराला न्हाई सोसायचं ते," मनकर्णा म्हणायची.

"मग काय देऊ? गप तरी बसती."

पोर गप बसायची हे खरं. पण तिच्या मांड्या सैल पडल्या होत्या. उचलून घेताना मनकर्णेच्या हाताला ते कळायचं.

मोरीच्या रेडकाचीही तीच गत. पहिल्यापासून त्या घरची रीत अशी की एक सड रेडकाचा. त्याला धार काढणाऱ्यानं हात लावायचा नाही. पण हाटेलात गिऱ्हाईक वाढलं आणि सुंदररावानं माप वाढवून मागितलं. बंकटनं हो म्हटलं. त्या दिवसापासून रेडकू नुसतं पान्ह्यापुरतं सोडायचं, म्हशीनं पान्हा सोडला की त्याच्या तोंडातून सड काढून घ्यायचा आणि दाव्यानं लांब बांधायचं. धार काढायची मनकर्णेनं, कारण मोरीला तिचाच हात लागायचा. बंकट चरवी घेऊन शेजारी उभा राही आणि चारी सड रिकामे झालेत का बघे.

एकदा तो तंबाखू आणायला आत गेला तशी मनकर्णेनं रेडकू सोडलं. ते कासेला जाऊन भिडलं, ढुशा देऊ लागलं, तोंडाला फेस आला. बंकट परत आला आणि दारातच थांबला.

"काय चाललंय?"

"पिऊ द्या की वाईच. बरगड्या मोजून घ्या तेच्या."

"मापात कमी पडलं की चारचौघांत मला ऐकावं लागतंय, तुला न्हाई."

त्यानं रेडकू मानेला धरून ओढलं. दुसऱ्या दिवशी बाभळीचे काटे ओवलेलं मुसकं करून आणलं आणि पान्हा सुटला की ते त्याच्या तोंडाला बांधू लागला. आता ते कासेजवळ गेलं की काटे टोचून म्हैसच त्याला लाथ मारायची. मनकर्णा पळसाच्या द्रोणातून भाताची पेज पाजायची, पण रेडकू ती तोंडातून गाळून टाकायचं. उन्हं तापत गेली. गोठ्याच्या पाचटातून वाफ येऊ लागली. एका दुपारी ती शेण काढायला गेली तेव्हा रेडकू आडवं पडलेलं, डोळ्याभोवती माश्या, आणि मोरी खुंट्याला गोल फिरून दावं आवळून घेत होती.

बंकटनं महारवाड्यातून म्हाळूला बोलावलं. म्हाळूनं रेडकू उचललं, वजन जोखल्यासारखं हातात धरलं आणि म्हणाला, "हेच्यात काय बी न्हाई, पाटील. नुसतं कातडं." आणि घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मोरीनं पान्हा चोरला. मनकर्णेनं पाठ थोपटली, कास कोमट पाण्यानं शेकली, पुढं सरकीचं घमेलं ठेवलं. मोरी सरकी खायची आणि कास आवळून धरायची. रात्रभर हंबरत राहिली. सकाळीही तसंच. सडातून पिळून निघालं ते ओंजळभर, आणि त्यात रक्ताची रेघ. बंकट पेठेत गेला आणि म्हशीला जरा बाधा झालीय, उद्या आणतो, म्हणून आला. त्या दिवशी त्याला कुणी बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव स्वतःच वस्तीवर आला. संगती कचेरीतला एक जवान, हातात काठी. सुंदरराव घामानं निथळत होता, तरी हसतच बोलला.

"बंकटराव, तालुकदारसाहेबाचा दौरा येतोय, सगळ्या जिल्ह्याचा हाकीम. परवा आमराईत मुक्काम. चहापाण्याचं मी अंगावर घेतलंय, तुमच्या भरवशावर."

"व्हय, पर म्हशीचं..."

"ऐका. खानसामा लई कडक हाय. मागच्या मुक्कामात दुधात पाणी निघालं, तवापासनं दूध डोळ्यांदेखत काढलेलं लागतंय त्याला. तुमी म्हैसच घेऊन यायचं."

जवानानं गोठ्यात डोकावून मोरीकडं बघितलं आणि काठीनं खुंट्यावर टकटक केलं.

"भैंस नहीं आयी, तो मैं ले जाऊँगा बे. फिर वापस का मत पूछना."

ते गेल्यावर बंकट ओट्यावर बसला. तात्याबा फडकं बांधून कोपऱ्यात होता. कडूबाई म्हणाली, "खरं का न्हाई सांगितलंस? रेडकू मेलं म्हनावं."

"आन म्हैस न्हेली तर? सरकारी मानसाला रेडकाचं काय." तो उठला. "शेगावच्या गवळ्यांनी कातड्यात भुसा भरून म्हशीफुडं धरलेलं मी बघितलंय. वासावर पान्हवती."

मनकर्णेलाही दुसरं काही सुचत नव्हतं. म्हैस गेली तर घर गेलं.

म्हाळूनं कातडं मीठ लावून वाळत घातलं होतं. बंकट आणि मनकर्णा महारवाड्याच्या कडंला जाऊन उभी राहिली. सगळं ऐकून म्हाळू म्हणाला, "कातडं आमच्या हक्काचं हाय, पाटील. घेऊन जा, पर माघारी द्या. जोड्याला लागतंय मला."

"देतो की. वर हाटेलात च्या पाजतो तुला."

"मला तितं ओंजळीत वरून वततेत. नको."

त्यानंच आत राख चोळली, कडबा बारीक करून भरला आणि सुतळीनं पोट शिवून दिलं. मान नीट बसेना, म्हणून आत काटकी घातली. मनकर्णा लांबूनच बघत होती. शिवता शिवता म्हाळूनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "टाके कच्चे हायती, बाई. लई चाटू देऊ नका."

मुक्कामाच्या सकाळी दिवस वर यायच्या आत दोघं उतार उतरू लागली. पुढं बंकट, खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं रेडकू. मागं मनकर्णा, एका हातात मोरीचं दावं, दुसऱ्यात चरवी. तारा घरी कडूबाईपाशी. मोरीची कास तटतटून लाल झाली होती, चालताना मांड्यांवर आपटायची, म्हणून ती पाय फाकून चालत होती. घोंगडीचा वास आला की नाकपुड्या फेंदारून बंकटच्या पाठीला लागायची. तो दचकून पुढं पळायचा.

"कुनाला दिसू द्यायचं न्हाई," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "तंबूच्या मागं सावलीला उभी करायची. मी तोंडापाशी घोंगडी धरतो. तू खाली बस आन उरकून घे."

"आन न्हाई पान्हवली तर?"

"पान्हवती. पान्हवावं लागंल."

आमराईत दोन पांढरे तंबू उभे होते. मोळ्या टाकायला, पाणी भरायला गावची माणसं धरून आणलेली. त्यांत म्हाळूही होता, डोक्यावर लाकडं घेऊन. सुंदररावानं झाडाखाली भट्टी मांडली होती आणि कधी नाही ते धुतलेलं धोतर नेसला होता. भट्टीवर पाणी उकळत होतं, शेजारी बशीत पांढरी साखर, वर जाळीचं झाकण.

"आले आमचे बंकटराव," तो मोठ्यानं म्हणाला आणि मग हळूच, "इतका येळ कावून?"

खानसामा आला. बारका, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यानं लखलखीत पातेलं मनकर्णेपुढं ठेवलं आणि तिथंच हात बांधून उभा राहिला. तंबूच्या मागं वगैरे जायला वावच नव्हता.

मनकर्णा उकिडवी बसली, डोकं मोरीच्या कुशीला टेकवलं. सडाला हात लावताच मोरीनं पाय झाडला. पातेलं गडगडत गेलं. खानसाम्यानं ते उचलून परत ठेवलं. बंकट घोंगडी घेऊन मोरीच्या तोंडाशी गेला. मोरीनं हुंगलं. घोंगडीत तोंड खुपसलं, बाजूला केलं, आणि घोंगडी पडली.

कातडं जमिनीवर उभं राहिलं, एका अंगाला कलून. मोरीच्या घशातून बारीक आवाज निघाला. मनकर्णेच्या हाताखाली कास एकदम सैल पडली आणि चारी सड भरून आले. धार पातेल्याच्या तळाला वाजायला लागली. मनकर्णेनं मान वर केली नाही. फक्त उरकावं, भरावं आणि निघावं. पातेल्यात फेस चढत गेला. वर मोरी चाटत होती. त्या खरखरीत जिभेचा आवाज धारेच्या आवाजात मिसळला होता.

मग चाटण्याचा आवाज थांबला आणि चावल्याचा यायला लागला.

तिनं वर बघितलं. म्हाळूचे टाके उसवले होते. रेडकाच्या मानेखालून कडबा बाहेर आला होता आणि मोरी तो खात होती. डोळे अर्धे मिटून, सावकाश, पोराच्या पोटातून कडबा ओढून खात होती आणि खाली पान्हा सोडत होती.

मोळी टाकणारे थांबले. तंबूचा पडदा सारून तालुकदारसाहेब बाहेर आले होते, डोक्यावर गोंड्याची लाल रुमी टोपी, हातात दातण. त्यांची नजर आधी म्हशीवर, मग खालच्या कातड्यावर गेली.

"ये क्या है?"

सुंदरराव पुढं झाला आणि त्यानं हात जोडले. बंकट मान खाली घालून उभा. साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी मनकर्णेकडं बघून, मराठीत.

"काय आहे हे?"

मनकर्णेचे हात दुधात माखलेले. तिनं पदर दातात धरला होता, तो सोडला.

"रेडकू हाय, सायब. हिचंच. दुधाबिगर मेलं."

"म्हशीला तर एवढं दूध आहे. मग कुठं गेलं?"

तिला खोटं सुचलं नाही. तिनं भट्टीकडं हात केला.

"च्यात."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी दातण टाकून दिलं, पातेल्याकडं एकदा बघितलं आणि तोंड वाकडं करून फिरले. "हटाओ ये सब। आज चाय नहीं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. खानसाम्यानं पातेलं उचललं, दूध बंकटच्या चरवीत ओतलं आणि पातेलं राखेनं घासायला दिलं.

सुंदररावाचा चेहरा उतरला, मग तापला. "उद्यापासनं माझ्या हाटेलाची पायरी चढायची न्हाई," तो बंकटला म्हणाला. "दूद घालनारे पन्नास हायती. भीक मागायची लायकी न्हाई आन बाकावर बसतो." जवानानं बंकटच्या पोटऱ्यांवर काठी मारली. एकच, पण सगळ्यांदेखत. बंकटनं वळून बघितलं नाही. म्हाळूनं मोळी खाली ठेवली, फाटकं कातडं उचलून कडबा झटकला आणि ते काखेत मारून परत मोळी उचलली.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. बंकट पुढं लंगडत चालला होता, हातात दुधानं भरलेली चरवी. मनकर्णा मार खायच्या तयारीनं मागून येत होती. चढाच्या मध्यावर लिंबाची सावली आली तिथं तो थांबला, चरवी टेकवली आणि खाली बसला.

"तुला कावून बोलायचं हुतं?"

"तेंनी इचारलं."

"माझं तोंड न्हाई राहिलं पेठेत."

मोरी सावलीला उभी राहून हलकी झालेली कास ढिली सोडून रवंथ करत होती. बंकटनं मुंडासं सोडलं, त्यानं तोंड पुसलं. मग तो म्हणाला, "मी बी बघितलं. कडबा खात हुती."

"व्हय."

"तसलं म्या कधी बघितलं न्हाई."

एवढंच. मग त्यानं मुंडासं परत बांधलं नाही, तसंच खांद्यावर टाकलं आणि उठला.

घरी आल्यावर कडूबाईनं चरवीत डोकावून बघितलं, लेकाच्या पोटरीवरचा वळ बघितला आणि तेलाची वाटी उंबऱ्यात आणून ठेवली. तात्याबा कोपऱ्यातून म्हणाला, "घोटभर च्यात घाल गं त्यातलं." कडूबाईनं चरवी मनकर्णेपुढं सरकवली. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला.

मनकर्णेनं दूध चुलीवर चढवलं. उकळी आली, साय धरायला लागली. वाटीत निवत घातलं आणि ताराला मांडीवर घेतलं. पोरीचं अंग तापलेल्या घरातही गार लागत होतं. वाटी तोंडाला लावली तशी पोरीनं एक घोट घेतला, तोंड वेंगाडलं आणि सगळं दूध आईच्या लुगड्यावर ओकून टाकलं. मनकर्णेनं पुसलं. पुन्हा वाटी लावली. पोरीनं हातानं वाटी लोटली, पाठ ताठ केली आणि चुलीकडं बोट करून रडायला लागली.

"च्या," ती म्हणाली. तिला मोजके शब्द यायचे, त्यातला हा एक. "च्या. च्या."

बंकट उंबऱ्यात बसून वळाला तेल चोळत होता. त्याचा हात थांबला. कडूबाई चुलीपुढची उठली आणि बाहेर गेली.

मनकर्णेनं वाटी खाली ठेवली. दुधात करंगळी बुडवली आणि रडणाऱ्या पोरीच्या ओठाला लावली. पोरीनं मान फिरवली. तिनं परत बोट बुडवलं. बाहेर ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. पोर हुंदके देत होती आणि हुंदक्यांच्या मधल्या सापटीत मनकर्णा एकेक थेंब आत सोडत होती.